आधी जेवून या

दवाखान्यात कुणी नवीन माणूस आला की त्याच्या चपला सुटायच्या आत मी विचारते, "जेवलात का?" माणूस गोंधळतो. काहींना वाटतं, बाई फार अगत्याची आहे. नालासोपाऱ्याचा एक तरुण मान वाकडी करून आला होता. तो लाजून म्हणाला, "नको आंटी, तुम्ही कशाला तकलीफ घेता!" त्याच्या हातात दोन केळी दिली, बाहेरच्या बाकावर बसवलं आणि म्हटलं, "ही खा, पंधरा मिनिटं बस, मग तुझी मान बघते. अगत्य वगैरे काही नाही रे बाबा, उपाशी माणसाला मी सुई लावत नाही."

मी मंगल, वसईजवळच्या उमेळ्याची. आमच्या घरामागे पूर्वी पानवेली आणि केळी होत्या, आता बिल्डिंगची भिंत आहे. घराच्या पुढच्या खोलीत दोन खाटा, मध्ये पडदा, एक पाठ टेकायची खुर्ची आणि कपाटात सुयांची पाकिटं, एवढाच माझा दवाखाना. मागे लागूनच स्वयंपाकघर आहे, त्यामुळे मिरचीची फोडणी बसली की पेशंट शिंकतात. बत्तीस वर्षं ॲक्युपंक्चर आणि मसाज करते आहे. आता अंगठे कुरकुरतात म्हणून आठवड्याचे तीनच दिवस. या दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, नव्या पेशंटना काय माहीत असावं ते लिहा. त्यांची दुखरी टाच माझ्याच हातात असते, तेव्हा नाही कशी म्हणणार?

या कामात मी शिरले ती पाचव्या वर्षी, कुठलीही परीक्षा न देता. मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. आपल्याकडे समजूत अशी की कमरेत उसण भरली तर पायाळू माणसाचा पाय पाठीला लावावा, उसण पळते. त्यामुळे आमच्या अंगणात पालथी पडलेली माणसं हे दृश्य मला नवीन नव्हतं. आई मला हाक मारायची, मी खेळ सोडून यायची, उजवा पाय तीनदा कमरेला लावायची आणि परत खेळायला पळायची. आकाशात नुसतं गडगडलं तरी आई मला आत ओढायची, कारण पायाळूवर वीज पडते हीसुद्धा समजूत. असं सगळं मिळून मला माझ्या पायांचा मोठा तोरा होता.

त्या तोऱ्याला खतपाणी घातलं बस्त्यावदादानं. तो आमच्या शेजारच्या ख्रिस्ती आळीतला, तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा. केळीचा लोंगर उचलताना त्याची कंबर धरली. दोघांनी खांद्याला धरून आणलं, अंगणात पालथा घातला. मी पाय लावला. जरा वेळानं तो हळूच उठला, कंबर इकडे-तिकडे वळवून पाहिली आणि "बरी की गं!" असं ओरडला. दुसऱ्या दिवशी तो आपला कॉर्नेट, म्हणजे बँडमधला छोटा पितळी बाजा, घेऊन आला. त्याच्या बापाचं बँडपथक होतं, लग्नात आणि मयतीत वाजवायचं. बस्त्याव नुकताच त्यात शिरला होता. अंगणात उभं राहून त्यानं माझ्या एकटीसाठी एक अख्खं गाणं वाजवलं. मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. त्याच्या गालाचे फुगे, घट्ट मिटलेले ओठ आणि त्यातून निघणारा तो सोन्यासारखा आवाज. हे सगळं माझ्या पायामुळे, असं मला वाटलं.

पुढे रीतसर शिकायला मुंबईला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ऐट उतरली. साधी उसण चार दिवसांत आपली आपण जाते. मी माझ्या गुरूंना विचारलं, "मग आमचा बस्त्यावदादा थोड्याच वेळात उठला कसा?" ते म्हणाले, "माणूस विश्वासानं आडवा पडला की त्याचं अंग सैल होतं, अर्धं काम तिथंच होतं. त्याचं श्रेय स्वतःच्या हाताला देऊ नकोस आणि पायाला तर नाहीच नाही." हे ऐकून मी हिरमुसले, पण खरं सांगते, माझं आश्चर्य काही कमी झालं नाही. नुसत्या विश्वासानं स्नायू सुटतो, ही काय साधी गोष्ट आहे?

आता सुईचं सांगते, कारण नव्या माणसाला भीती असते ती तिचीच. ही इंजेक्शनची सुई नव्हे. केसापेक्षा थोडी जाड, आतून भरीव. पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फुटलं पाहिजे आणि वापरलेली सुई टाकूनच दिली पाहिजे. कुणी जुनी सुई पुसून लावायला लागला तर चपला घालून चालू लागा. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग तिथं जडपणा येतो, कधी मुंग्या येतात. वीस-पंचवीस मिनिटं सुया तशाच राहतात. निम्मे लोक घोरायला लागतात. क्वचित सुईच्या जागी निळसर डाग उठतो, तो जातो. मात्र रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, पोटात बाळ असेल, छातीत पेसमेकर असेल, साखर असेल, तर ते आल्याआल्या सांगा. लोक मला सासूच्या तीन पिढ्यांच्या कागाळ्या सांगतात आणि हे नेमकं विसरतात!

मसाजच्या बाबतीत उलटा घोळ. तिथं भीती कोणाला नसते, सगळ्यांना जोरच हवा असतो. जितकं बोंबललं तितका गुण, असा हिशेब. कळंबची एक मासेविक्रेती एकदा आली. एका पायाची पोटरी सुजलेली, लाल, हाताला गरम. दुसरा पाय चांगला. मी हात मागे घेतला, तशी ती कडाडली, "अगो बाय, नुस्ती बगते काय? रगड ना जोरान! पानी भरलंय, उतरंल." मी म्हटलं, "मी बोटसुद्धा लावणार नाही, तू आत्ता डॉक्टरकडे जा." तिनं मला जी विशेषणं दिली ती दिवाळी अंकात छापता येणार नाहीत. पण गेली. पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ निघाली. मी रगडलं असतं आणि ती गाठ सुटून फुप्फुसात गेली असती, तर बाई जागेवर गेली असती. महिन्यानं ती दोन पापलेटं घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "तुजा हात लय गुनाचा गो!" हात तर मी लावलाच नव्हता. कधी हात लावायचा नाही, हे ज्याला कळतं त्याच्याकडे जा, एवढं नक्की सांगते.

आता बस्त्यावदादाकडे येते, कारण मला जे लिहायचं आहे ते त्याचंच आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट, ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ नुकताच लागला होता. सकाळी बस्त्यावदादा तोंडावर रुमाल धरून आला. वय सत्तरीच्या पुढे, पण अजून बँडचा मास्तर तोच. रुमाल काढला. चेहऱ्याची उजवी बाजू पार लोंबली होती. डोळा मिटत नव्हता, ओठाचा कोपरा खाली गळलेला, बोलताना त्यातून लाळ येत होती. चार दिवस घरी जायफळाचा लेप लावून बसला होता, वारा लागला म्हणून.

"मंगल, लहानपणी लाथ मारून कंबर बरी केलीस, आता एक थोबाडीत मार," तो अर्ध्या तोंडानं म्हणाला.

"दादा, आधी कपाळाला आठ्या पाड."

आठ्या डावीकडे पडल्या, उजवं कपाळ ताटासारखं सपाट. हे लक्षण बहुतेक चेहऱ्याच्या नसेचं असतं, मेंदूचा झटका असेल तर कपाळ सहसा हलतं. पण 'बहुतेक'वर आपण सुई लावायची नसते. तोंड वाकडं झालं की एक मिनिट न घालवता डॉक्टर गाठायचा, ॲक्युपंक्चरवाली नाही. मी रिक्षा बोलावली, चिठ्ठी लिहून दिली. दादा भयंकर रागावला. "पायाळू म्हणून आलो तुझ्याकडं, तर चिठ्ठ्या देतेस?" असं म्हणत गेला.

डॉक्टरांनी तपासलं. झटका नव्हता, नस सुजली होती. गोळ्या दिल्या, डोळा कोरडा पडू नये म्हणून थेंब दिले, झोपताना पापणी पट्टीनं चिकटवायला सांगितलं. सोबत सुया घ्यायला हरकत नाही म्हणाले. दोन दिवसांनी दादा परत आला तो अगदी सकाळीच.

मी त्याला खुर्चीत बसवलं. कपाळाला, डोळ्याच्या कडेला, ओठाच्या कोपऱ्याजवळ सुया लावल्या आणि एक हाताला, अंगठा आणि बोटामधल्या उंचवट्यावर. "तोंड वाकडं आणि सुई हाताला?" त्यानं विचारलं. मी ऐटीत समजावून सांगायला लागले. अर्धं वाक्य झालं असेल, तोच त्याच्या कपाळावर घाम डवरला, ओठ पांढरे पडले आणि तो म्हणाला, "मंगल, दिवे का मालवलेस?"

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. सुया भराभर काढल्या, त्याला खाली आडवा घातला, पायाखाली उश्या दिल्या. नाडी बारीक, भलतीच बारीक. दोन-तीन मिनिटांनी त्यानं डोळे उघडले. मी साखरपाणी पाजलं, अर्धं गळ्यावर सांडलं.

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"काय नाय. मिस्सा करून थेट आलो."

"अरे, पण का?"

"अंगात काय पवित्र घ्यायचं तर उपाशी नको?" तो इतक्या सरळपणे म्हणाला की मला ओरडताही येईना. चर्चमधल्या मिस्साला जाताना उपाशी, कारण तिथं पवित्र भाकर घ्यायची असते, तसा सुईलाही उपाशी. वर उपवासकाळ. आणि त्याला काय बोलायचं? आमच्याकडच्या बायका श्रावणी सोमवारी निर्जळी येतात, वर सांगतात, "आज उपास आहे, गुण येईल." पोटात काही नसताना सुई लागली की काहींचा रक्तदाब धाडकन उतरतो. हे मला ठाऊक होतं. मी विचारलं नव्हतं. दादाची त्यात चूक नव्हती, चूक माझी होती, आणि त्या दिवसापासून 'जेवलात का?' हे विचारायला मी कधी विसरले नाही.

साखरपाणी पिऊन झाल्यावर त्यानं मला खरी गोष्ट सांगितली. त्याची बायको कतरीनवहिनी वर्षभर अंथरुणाला खिळली होती. हृदय थकलं होतं, आता घरीच ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वहिनींच्या वडिलांच्या मयतीत कुठल्या तरी नवशिक्या पोरांनी फार बेसूर वाजवलं होतं. त्या दिवशी कब्रस्तानातून परतताना वहिनी दादाला म्हणाल्या होत्या, "माझ्या मयतीला तू वाजव. दुसऱ्या कुणाचा बाजा मला चालणार नाही." दादानं शब्द दिला होता. चाळीस वर्षं झाली त्याला.

"कॉर्नेट ओठानं वाजतो मंगल," तो म्हणाला. "ओठ मिटत नाहीत, सगळी हवा कोपऱ्यातून जाते. कतरीन थांबेल का गं माझ्या ओठांसाठी?"

मी त्याला चहा-पाव दिला आणि परवा जेवून ये म्हटलं.

मग सुरू झाली आमची कसरत. एक दिवसाआड सुया. मधल्या दिवशी चेहऱ्याचा मसाज, तोही दोन बोटांनी, हलका. त्याला जोर हवा होता. मी म्हटलं, "हा गाल आहे दादा, पावाचं पीठ नाही." आरशासमोर बसून प, फ, ब म्हणायचं, शीळ घालायची, मेणबत्ती विझवायची. मेणबत्ती काही विझायची नाही. फुंकर बाजूनं निसटायची आणि ज्योत ढिम्म. पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले. मी त्याला आधीच सांगितलं होतं, यातले बरेच जण आपोआपही बरे होतात, काहींचं थोडं वाकडेपण राहतं. तुझं काय होईल हे मला माहीत नाही. जो माणूस पहिल्याच दिवशी शंभर टक्के गॅरंटी देतो त्याच्याकडे जाऊ नका, आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नका.

दर मंगळवारी मी त्याच्या घरी जायला लागले, वहिनींचे पाय धरायला. त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून घेतलं. पाय सुजलेले, त्यामुळे दाबायचं नाही, चोळायचं नाही. कोमट तेल, तळवे फक्त, आणि हाताची ऊब. यानं हृदय बरं होत नाही, आयुष्य वाढत नाही. माणसाला आपलं अंग अजून आपलं आहे असं वाटतं, तेवढंच. वहिनींना हसवायला काही लागत नसे. म्हणायच्या, "फादर वर्षातून एकदा बारा जणांचे पाय धुतात, तू दर मंगळवारी धरतेस. तू फादरपेक्षा मोठी गं!" आणि मग हळूच विचारायच्या, "याचं तोंड सरळ होतंय का?"

एक दिवस सुया लागलेल्या असताना मी त्याच्या ओठाकडे बघत बसले होते. कोपरा हलला. जरासाच. डबक्यात पाण्याखाली मासा वळावा तसा. मी श्वास धरला. पुन्हा हलला. महिनाभर मेल्यासारखा पडलेला तो मांसाचा तुकडा, त्याला कुठून तरी आठवलं की आपण ओठ आहोत. इतकी वर्षं मी हे काम केलं, शरीराचे नकाशे तोंडपाठ केले, पण त्या क्षणी अंगावर काटा आला आणि डोळ्यांना धार लागली. दादानं विचारलं, "काय झालं?" मी आरसा दिला.

"सुईनं झालं की गोळीनं, मला सांगता येणार नाही हं," मी नाक पुसत म्हटलं.

"कतरीन रोज माळ घेऊन रोजरी म्हणते, तीपण धर," तो म्हणाला. "ज्यानं केलं त्यानं केलं."

त्यानंतर मेणबत्ती विझली. पण कॉर्नेट म्हणजे मेणबत्ती नव्हे. वाजवायला गेला की नुसतं फुस्स व्हायचं. इकडे वहिनींचा श्वास दिवसेंदिवस आखूड होत होता. दादानं कॉर्नेट पेटीत घालून खाटेखाली सरकवला आणि विषय काढणं बंद केलं.

ईस्टर झाल्यावरचा मंगळवार. दुपार टळली होती. मी वहिनींच्या पायाशी बसले होते. आठवडाभर त्या फारसं बोलल्या नव्हत्या, पायही हलवत नव्हत्या. अचानक म्हणाल्या, "बस्त्याव, बाजा काढ."

"वाजत नाय गं अजून."

"काढ म्हणते ना. मेल्यावर वाजवलास तर मला काय ऐकू येणार हाय?"

दादानं पेटी ओढली. कॉर्नेट पुसला, खूप वेळ पुसत राहिला. मग उंबऱ्याजवळ उभा राहिला, डाव्या हाताचं बोट ओठाच्या उजव्या कोपऱ्यावर गच्च दाबलं आणि फुंकलं. पहिला सूर फाटला. दुसराही. तिसरा लागला. वहिनींना आवडणारं देवळातलं जुनं गीत होतं, संथ चालीचं. मधूनच हवा निसटायची, सूर खाली पडायचा, तो बोट आणखी दाबून परत उचलायचा. पाचव्या वर्षी अंगणात ऐकला होता तो आवाज हा नव्हता. हा आवाज चिरलेला होता आणि तरी मला हलता येईना.

आणि माझ्या तळहातात काहीतरी हललं. वहिनींच्या पायाचा अंगठा. आठवडाभर निपचित पडलेला पाय, पण अंगठा खालीवर, खालीवर, गीताच्या तालावर. सूर तुटला की थांबायचा, लागला की पुन्हा चालू. त्यांचे डोळे मिटलेले होते. त्या दोघांच्या मधे मी बसले होते आणि माझ्या हातात त्यांचा ताल होता. देवा, मी किती पाय धरले आजवर! असं कधी झालं नाही, पुन्हा होईल असं वाटत नाही.

संपल्यावर दादानं विचारलं, "वाजलं का गं?"

"दोनदा चुकलास," वहिनी म्हणाल्या. "पण झालं आता. ऐकलं मी. मयतीला पोरांना वाजवू दे. तू नुसता माझ्यामागं चाल."

नऊ दिवसांनी त्या गेल्या. पोरांनी वाजवलं, बरं वाजवलं. दादा शवपेटीच्या मागे चालला, आता जवळजवळ सरळ झालेल्या चेहऱ्यानं, दोन्ही हात मोकळे. ते हात त्याला कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी सकाळी तो दारात उभा. मला वाटलं, चेहऱ्याची राहिलेली सुई घ्यायला आला असेल. मी सवयीनं पाकीट हातात घेतलं आणि सवयीनंच विचारलं, "जेवलास का दादा?"

तो खुर्चीत बसला.

"कालपासून नाय," तो म्हणाला. "एकट्यासाठी ताट घ्यायचं कसं, ते कळत नाय गं."

मी पाकीट न फोडता परत कपाटात ठेवलं. मागच्या स्वयंपाकघरात दोन पानं वाढली, भात आणि कोलंबीचं कालवण. त्याला हाताला धरून आत नेलं आणि त्याच्यासमोर मीही जेवायला बसले.